गोबर गॅसची जुनी नळी कशी बदलावी



आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ शेतकरी घरांत गोबर गॅसची शेगडी आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने 1961-62 च्या सुमारास हे काम हाती घेतले. पुढे 1981-82 साली राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि 1984 मध्ये दीनबंधू नावाचा स्वस्त घुमटाचा नमुना आला. त्या काळात बांधलेली संयंत्रे आता चाळीस वर्षांची झाली आहेत. विटांचे बांधकाम नीट झाले असेल तर ते टिकते. शेण रोज कालवले जाते, स्लरी रोज शेतात जाते, शेगडी रोज पुसली जाते. मात्र विहिरीपासून चुलीपर्यंत जी नळी जाते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती मातीखाली असते, भिंतीत असते, माळ्यावरून गेलेली असते. वडिलांनी घातलेली नळी मुलगा वापरतो आणि नातवाच्या वेळी ती फुटते.

या पाठात आम्ही एवढेच सांगणार आहोत की, गॅसची नळी जन्मभराची नसते. ती जुनी झाली म्हणजे तुकड्यातुकड्यांनी न जोडता सबंध बदलावी आणि बदलताना जिवाला धोका होणार नाही अशा क्रमाने बदलावी.

शिशाची नळी का काढून टाकतात

इंग्लंडातील जुन्या घरांतून पूर्वी कोळशाचा गॅस शिशाच्या नळ्यांतून नेत असत. शिसे मऊ असते. कोपरा आला की ते हाताने वळवता येते, म्हणून कारागिरांना ते आवडे. पण जो गुण तोच दोष ठरला. भिंतीत खिळा ठोकला की नळीला भोक पडे. आधार सुटला की नळी स्वतःच्या वजनाने लोंबे आणि सांध्यावर ताण येई. घराला आग लागली तर शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळून जाई, आणि मोकळा झालेला गॅस त्याच आगीला मिळे. म्हणून तेथे अशी नळी सापडली की ती काढून तिच्या जागी बहुधा तांब्याची किंवा पोलादी नळी घालतात.

आपल्या शेतघरांत शिशाची नळी नसते. पण शिसे आपल्याकडेही दुसऱ्या वाटेने आले आहे. लोखंडी नळीच्या आट्यांवर सुतळीचा धागा गुंडाळून वर सफेदा लावण्याची जुनी रीत होती. त्या सफेद्यात पुष्कळदा शिसे असे. तरंगत्या टाकीला गंज लागू नये म्हणून जो शेंदरी रंग देत, त्यातही शिसे असे. शिसे अंगात गेले तर रक्ताला व मज्जातंतूंना अपाय करते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याने धोका होतो, आणि मुलांसाठी त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानलेले नाही. म्हणून जुना सांधा खरवडताना किंवा टाकीचा रंग घासताना मुलांना व गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नये. सुकी भुकटी उडवू नये, पाणी मारून ओली करूनच घासावी. तोंडाला फडके बांधावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, मगच पाणी प्यावे किंवा पान खावे. ते कपडे वेगळे धुवावेत.

दुसरी एक गोष्ट. काढलेली जुनी नळी पुष्कळजण वाया जाऊ नये म्हणून पिण्याच्या पाण्याला किंवा गोठ्यातल्या हौदाला लावतात. तसे करू नये. ती भंगारात घालावी.

नळी आतून का सडते

गोबर गॅसमध्ये साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो. जळतो तो हाच. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, तो जळत नाही. थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो याचा. शिवाय गॅसबरोबर पाण्याची वाफ असते.

विहिरीतला रबडा उबदार असतो. तेथून निघालेला गॅस नळीत आला की थंड होतो आणि वाफेचे पाणी होते. हे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड ही तिन्ही मिळून लोखंडाला आतून खातात. जस्ताचा मुलामा काही वर्षे टिकतो, पुढे तोही जातो. बाहेरून नळी ठीक दिसते, पण पान्याने जोर लावला की हातात पापुद्रे येतात.

तांबे व पितळ यांनाही हा सल्फाइड सोसत नाही. तांबे काळे पडते आणि झिजते. पितळेचा कॉक जाम होतो. म्हणून शहरात सिलिंडरच्या गॅसला तांब्याची नळी चालते असे ऐकून कोणी आपल्या गोबर गॅसला तांब्याची नळी घालू नये. शिशाऐवजी तांबे हा उपाय त्या घरांपुरता खरा, आपल्या गॅसपुरता नव्हे.

याशिवाय उघड्यावरच्या साध्या पीव्हीसी नळीला ऊन लागते व ती ठिसूळ होते. रबराची नळी चिरते. उंदीर व घुशी कुरतडतात. नांगराचा फाळ लागतो, बैलगाडीचे किंवा ट्रॅक्टरचे चाक वरून जाते. तरंगत्या टाकीपाशी जी लवचिक नळी असते, ती टाकी वरखाली होताना रोज वाकते. ती सर्वांत आधी फुटते.

गळती कशी ओळखावी

पहिली विचारणा घरातल्या बाईकडे करावी. रोज शेगडीपाशी तीच असते. ज्योत नाचते का? मध्येच विझते का? पूर्वी जेवढ्या गॅसवर दोन वेळचा स्वयंपाक होई, तेवढ्यावर आता एकाच वेळचा होतो का? टाकी भरलेली दिसते आणि शेगडीला मात्र दम नाही, असे होते का? ज्योत नाचत असेल तर नळीत पाणी साचले असण्याचा संभव असतो. गॅस पुरत नसेल, पण शेण व पाणी पूर्वीइतकेच घालीत असाल, तर गळतीचा संशय घ्यावा.

वासावर सर्वस्वी विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोडा असताना चांगला कळतो, पण तो जास्त झाला की नाकाची जाणीवच मरते. वास गेला म्हणजे गॅस गेला असे नव्हे.

एक खूण डोळ्यांनी दिसते. शिशाचा सफेदा लावलेल्या जुन्या सांध्यातून गोबर गॅस झिरपत असेल तर सफेदा काळा पडतो, कारण शिसे व हायड्रोजन सल्फाइड यांचे काळे संयुग होते. पांढऱ्या सांध्याभोवती काळे कडे दिसले तर तो सांधा तपासावा.

खरी तपासणी साबणाच्या पाण्याची. वाटीत साबणाचा दाट फेस करून तो ब्रशने प्रत्येक सांध्याला, कॉकला, कोपराला लावावा आणि मिनिटभर पाहावे. बुडबुडा फुगत गेला तर तेथे गळती आहे. काडी ओढून किंवा कंदील धरून गळती कधीही शोधू नये. हवेत मिथेनचे प्रमाण 5 ते 15 टक्के असले की ठिणगीने स्फोट होतो. एक काडी ओढून गळती सापडते खरी, पण सांगायला माणूस उरत नाही.

गळती लहान म्हणून सोडू नये. समजा, एका सांध्यातून तासाला फक्त 5 लिटर गॅस जातो. दिवसाचे 120 लिटर झाले. एक किलो ताज्या शेणापासून साधारण 40 लिटर गॅस मिळतो. म्हणजे रोज तीन किलो आणि महिन्याला 90 किलो शेणाचा गॅस वाऱ्यावर गेला. ताशी 225 लिटर गॅस घेणारी लहान शेगडी तेवढ्यावर रोज अर्धा तास जळली असती. अर्ध्या तासात भाताचे पातेले उतरते.

ठिगळ का लावू नये

नव्या कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावल्याने काय होते, ती प्रभूची उपमा आपण सर्वांनी ऐकली आहे. नळीचेही तसेच होते. सडलेल्या लोखंडी नळीत मध्येच एक नवा तुकडा बसवताना पाना फिरवावा लागतो. त्या जोराने शेजारचा जुना सांधा हलतो आणि पुढच्या महिन्यात तेथून गळू लागते. सायकलची ट्यूब गुंडाळणे, एमसील थापणे, डांबर लावणे हे उपाय फार तर एक रात्र निभावण्यापुरते. एका ठिकाणी नळी आतून खाल्ली गेली असेल तर बाकीची नळीही त्याच वयाची आहे आणि तिच्यातूनही तोच गॅस गेला आहे, हे लक्षात ठेवावे.

म्हणून दोन सांधे गळके निघाले किंवा लोखंडी नळीचा एक तुकडा पापुद्र्याचा निघाला, तर विहिरीच्या मुख्य वाल्व्हपासून शेगडीपर्यंत सबंध नळी बदलावी. हे काम उन्हाळ्यात, मृगाच्या आधी करावे. माती कोरडी असते, चर खणता येतो, सांधे कोरडे बसतात. 15 मे रोजी शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण येतो. त्या सणाच्या आत नळीचे काम संपवायचे अशी घरोघर रीत पाडली तर विसर पडणार नाही.

कोणती नळी घ्यावी

जमिनीखालून नेण्यास काळी एचडीपीई नळी चांगली. तिला गंज नाही, सल्फाइड तिला खात नाही, आणि काळ्या रंगामुळे ती ऊनही बऱ्यापैकी सोसते. पीव्हीसी नळी चालते, पण ती पूर्णपणे मातीखाली असली तरच. स्वयंपाकघरात प्लास्टिकची नळी नेऊ नये, उष्णतेने ती मऊ पडते. भिंतीच्या बाहेर जमिनीतून वर आल्यापासून शेगडीजवळच्या कॉकपर्यंत जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी म्हणजे जीआय नळी घालावी. कॉकपासून शेगडीपर्यंतचा शेवटचा तुकडा गॅससाठी मिळणाऱ्या रबरी नळीचा असावा, दीड मीटरपेक्षा लांब नसावा आणि दोन्ही टोकांना क्लिप असावी. बागेत पाणी घालण्याची नळी येथे लावू नये.

नळी किती जाड? दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला, स्वयंपाकघर 20 मीटरच्या आत असेल तर 20 मिलिमीटर व्यासाची पुरते. त्याहून लांब असेल तर 25 मिलिमीटरची घ्यावी. चार पैसे वाचवण्यासाठी बारीक नळी घेऊ नये. नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढाच गॅस नेण्यास निदान सोळापट दाब लागतो, आणि तरंगत्या टाकीचा दाब मुळात पाण्याच्या 8 ते 10 सेंटिमीटर उंचीएवढाच असतो.

खरेदीला जाण्यापूर्वी दोरीने अंतर मोजावे आणि कोपर, टी, सॉकेट, युनियन व कॉक यांची यादी करावी. वळणे जितकी कमी तितके बरे. सांध्याला आता सफेद्याऐवजी टेफ्लॉनची पट्टी वापरावी. तिच्यात शिसे नसते.

कामाचा क्रम

हे काम जाणत्या प्लंबरकडून करून घ्यावे. तरीही घरच्या माणसाला क्रम ठाऊक असावा, म्हणजे कोणी घाई केली तर थांबवता येईल.

1. कामाच्या दिवशी घरातील व गोठ्याजवळील सर्व विस्तव विझवावा. चूल, उदबत्ती, देव्हाऱ्यातील मेणबत्ती, विडी, काहीही पेटते ठेवू नये. मुले शेजारी पाठवावीत.

2. विहिरीजवळचा मुख्य वाल्व्ह बंद करावा. तो नीट बंद होतो की नाही हे साबणाने पाहावे. तोच जाम किंवा गळका असेल तर आधी काही दिवस शेण घालणे थांबवून गॅस वापरून संपवावा, उरलेला उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला सोडून द्यावा, आणि मगच वाल्व्ह बदलावा.

3. मुख्य वाल्व्हपाशी जुनी नळी सोडवून वाल्व्हच्या तोंडाला टोपण लावावे. मग जुन्या नळीत पंपाने हवा मारून आतला गॅस बाहेर घालवावा. दारे खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

4. यानंतरच नळी कापावी. सांधा घट्ट बसला असेल तर त्याला बत्तीने तापवू नये. सुटत नसेल तर करवतीने कापून टाकावा, ती नळी तरी भंगारातच जायची आहे.

5. नव्या नळीचा चर निदान 30 सेंटिमीटर खोल असावा. गाडीवाट ओलांडायची असेल तेथे 60 सेंटिमीटर खोल न्यावा. तळाला वाळू पसरावी, नळी ठेवावी, पुन्हा वाळू टाकून वर विटांची एक ओळ रचावी. पुढे कोणी खणले तर आधी वीट लागेल. विजेच्या तारेबरोबर एकाच चरातून गॅसची नळी नेऊ नये.

6. नळी भिंतीतून जाते तेथे तिच्याभोवती थोड्या मोठ्या नळीचा तुकडा बसवावा. भिंत खचली तरी गॅसच्या नळीवर भार येत नाही.

उतार आणि पाण्याचा सापळा

नळी घालण्याच्या कामात जी चूक सर्वांत जास्त होते, ती उताराची. नळीत पाणी होणारच, ते थांबवता येत नाही. ते कोठे जाईल हे मात्र आपल्या हाती असते. नळीला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार द्यावा. 20 मीटर नळी असेल तर दोन टोकांत 20 सेंटिमीटरचा फरक हवा. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतात, तशीच येथे काढावी. डोळ्यांच्या अंदाजाने काढू नये. मध्ये कोठे खोलगट राहिले तर तेथे पाणी साचून नळीला बूच बसल्यासारखे होते.

उतार विहिरीकडे देता आला तर पाणी विहिरीतच परत जाते. जागेमुळे तसे जमत नसेल तर सर्वांत खालच्या जागी टी बसवून पाण्याचा सापळा करावा. तरंगत्या टाकीच्या संयंत्राला इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली पाण्याने भरलेली नळी चालते. तिचे दोन्ही हात 30 सेंटिमीटर लांब ठेवले तर 10 सेंटिमीटरचा दाब ते पाणी ढकलून देऊ शकत नाही. घुमटाच्या संयंत्रात मात्र दाब 90 सेंटिमीटरपर्यंतही चढतो. तेथे हाच आखूड सापळा लावला तर गॅस पाणी उडवून बाहेर पडेल आणि रात्रभर कोणाला कळणार नाही. म्हणून घुमटाला कॉक असलेला सापळा बसवावा. उन्हाळ्यात महिन्याने आणि पावसाळ्यात व थंडीत आठवड्याने तो उघडून पाणी काढावे, गॅसचा आवाज येताच लगेच बंद करावा. सापळ्याभोवती विटांची छोटी पेटी व वर फरशी असावी, म्हणजे तो मातीखाली हरवणार नाही.

माती टाकण्यापूर्वी दाबाची परीक्षा

चर बुजवण्याची घाई करू नये. नवी नळी गॅसला जोडण्यापूर्वी दोन्ही टोके बंद करावीत. सापळ्याच्या फाट्यालाही तेवढ्यापुरते टोपण लावावे. एका टोकाला पारदर्शक नळीची यू जोडून तिच्यात रंगीत पाणी भरावे. तरंगत्या टाकीच्या नळीसाठी सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरून दोन्ही हातांतील पाण्यात 30 सेंटिमीटरचा फरक आणावा. घुमटाच्या नळीसाठी यू लांब घेऊन एक मीटरपेक्षा जास्त फरक आणावा. पंप सोडवून पातळीवर खूण करावी व अर्धा तास पाहावे. पाणी जागचे हलले नाही तर नळी पास. हलले तर साबण घेऊन प्रत्येक सांधा तपासावा.

ही परीक्षा पहाटे किंवा ढगाळ दिवशी करावी. बंद नळीतली हवा एक अंशाने तापली किंवा निवली तरी पाण्याची पातळी तीन सेंटिमीटरहून अधिक बदलते. भर उन्हात परीक्षा घेतली तर चांगली नळी नापास होते, आणि त्याहून वाईट म्हणजे गळकी नळीही पास होऊ शकते.

पहिली ज्योत

नव्या नळीत आधी हवाच असते. तिच्यात गॅस मिसळला की काही वेळ नळीत स्फोटक मिश्रण असते. म्हणून शेगडी लगेच पेटवू नये. शेवटची रबरी नळी खिडकीतून बाहेर काढून काही मिनिटे गॅस मोकळ्यावर सोडावा. नंतर कॉक बंद करून शेगडी जोडावी. घरात वास उरला नाही, वारा खेळता आहे, हे पाहून आधी काडी पेटवावी व मग कॉक उघडावा. ज्योत निळी व शांत असावी. पिवळी असेल तर शेगडीची हवेची खिडकी थोडी उघडावी. नळीच्या उघड्या तोंडाला किंवा विहिरीच्या वाल्व्हला काडी लावून गॅस आला का हे कधीही पाहू नये. ज्योत आत शिरण्याचा धोका असतो.

सिलिंडरचा गॅस गोबर गॅसच्या शेगडीला जोडू नये. गोबर गॅसच्या शेगडीचे भोक मोठे असते. सिलिंडरचा गॅस त्यातून आला तर ज्योत छताकडे जाते. दोन्ही गॅस असलेल्या घरात दोन शेगड्या वेगळ्या ठेवाव्यात.

खड्ड्यात उतरू नये

आता जे सांगतो ते मुलांनाही वाचून दाखवावे. नळीचे काम करताना वाल्व्हचा तुकडा आत पडतो, पाना पडतो, किंवा रबडा घट्ट झाला म्हणून विहीर साफ करण्याचे कोणाच्या तरी मनात येते. रिकाम्या दिसणाऱ्या विहिरीतही तळाशी कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड साचलेले असतात, श्वासाला हवा नसते. आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो, मग बाप उतरतो. अशा अपघातांत एकाच घरातील दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. प्रेमाने धावणे हा आपला धर्म आहे, पण येथे प्रेमाने उतरणे म्हणजे घरात आणखी एक तिरडी बांधणे होय. पाना गेला तर जाऊ द्यावा.

कोणी आत पडलाच तर वर राहूनच दोर, शिडी, गळ यांनी ओढण्याचा प्रयत्न करावा. ताबडतोब 112 वर फोन करून अग्निशमन दलाला बोलवावे. बाहेर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत न्यावे, कपडे सैल करावेत. श्वास नसेल तर ज्याला कृत्रिम श्वास व छातीवर दाब देण्याचे शिक्षण आहे त्याने ते सुरू करावे, आणि इस्पितळात न्यावे. शुद्धीवर आला तरी डॉक्टरला दाखवावे.

घरात गॅस कोंडल्याचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, लावण्यासाठी नाही आणि बंद करण्यासाठीही नाही. दारे खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे व मुख्य वाल्व्ह बंद करावा. भाजले असेल तर वीस मिनिटे वाहते थंड पाणी घालावे. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये.

सिलिंडर असलेल्या घरांसाठी

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, म्हणून स्वयंपाकघराला खालच्या बाजूलाही झरोका हवा. शेगडीची नळी मान्यताप्राप्त सुरक्षा नळी असावी. तिच्यावर छापलेली तारीख पाहून पाच वर्षांनी ती बदलावी, आणि चीर दिसली तर त्याआधीच. गळती झाली तर रेग्युलेटर बंद करून बाहेर यावे व 1906 या क्रमांकावर कळवावे.

वर्षाचे टिपण

उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसी भागात गोबर गॅस चांगला टिकला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील संयंत्रे जवळजवळ सगळी चालू असल्याचे दिसले, आणि बांधणाऱ्यांनी पुढेही देखभालीची सेवा दिली हे त्याचे एक मोठे कारण होते. आपल्या गावातही दुरुस्ती जाणणारे दोन तरुण तयार झाले तर पुष्कळ बंद पडलेली संयंत्रे पुन्हा पेटतील.

प्रत्येक घराने भिंतीवर एक कागद लावावा. नळी कोणत्या साली घातली, कोणत्या मार्गाने गेली, सापळा कोठे आहे, शेवटची साबणाची परीक्षा केव्हा झाली, एवढे त्यावर लिहावे. घरमालक उद्या नसला तरी त्याच्या मुलाला जमीन खणून नळी शोधावी लागणार नाही.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरातील गॅसची नळी कोणत्या साली घातली हे कोणाला आठवते काय?

2. नळीचा उतार कोणीकडे आहे? पाण्याचा सापळा घरातील कोणकोणाला माहीत आहे?

3. आपल्या विहिरीच्या तोंडावर झाकण आहे काय? लहान मूल ते सरकवू शकते काय?

4. आपल्या वाडीतील विधवा व वृद्ध यांच्या घरची नळी तपासायला कोण जाणार? कोणत्या दिवशी?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नावानिशी व तारखेनिशी लिहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. साबणाची वाटी व ब्रश घेऊन अर्ध्या तासात एक घर तपासून होते.